ट्रक रस्त्यावर, लक्ष ऑफिसातून: सोलापूरच्या छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी ड्रायव्हरवर देखरेख कशी ठेवावी

सोलापुरातून माल चारही दिशांना जातो. हायवे ६५ एका बाजूला पुण्याला आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादला जोडतो. हायवे ५२ वर उत्तरेला तुळजापूर, दक्षिणेला विजयपूर. १६६ नंबरचा रस्ता मंगळवेढा-सांगोल्यावरून मिरज-कोल्हापूरकडे उतरतो. मार्केट यार्डातला कांदा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली चादर आणि टॉवेल, सिमेंट, साखर, पाकणीच्या डेपोतलं पेट्रोल-डिझेल हे सगळं या रस्त्यांवरून फिरत असतं. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळी कंट्रोल रूम असते. ज्यांच्याकडे दोन, पाच, फार तर वीस गाड्या आहेत, त्यांच्याकडे एक ऑफिस, एक मोबाईल आणि दिवसभर फोन करणारा एक माणूस असतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात देखरेख म्हटलं की डिझेल चोरी आणि वेळेवर न पोचणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्याचं नुकसान खरं आहे आणि ते कसं पकडायचं हेही पुढे येईल. पण यंत्र बसवल्यावर सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे स्टिअरिंगवरच्या माणसाला झोप मिळाली का. डिझेलचा तोटा पुढच्या ट्रिपमध्ये भरून निघतो. झोपेतल्या ड्रायव्हरने केलेला अपघात भरून निघत नाही.

खरेदीच्या आधी: हातात असलेली माहिती वापरा

जीपीएसवाल्याला फोन लावण्याआधी महिनाभर फक्त कागद नीट बघा. बऱ्याच गोष्टी त्यातच सापडतात.

फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्या लेनला सक्तीचा झाला, तेव्हापासून प्रत्येक गाडीची वेळेची नोंद आपोआप होते आहे. पुण्याकडे निघालेली गाडी सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोलनाके पार करत जाते. बँकेच्या पोर्टलवरून महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि दोन नाक्यांमध्ये आपल्या गाडीला किती वेळ लागला ते वहीत लिहा. भरलेली आणि रिकामी, दिवसाची आणि रात्रीची अशी वेगळी नोंद ठेवा. आपल्या गाडीचा नेहमीचा वेळ एकदा समजला की नेहमीपेक्षा फार लवकर पोचलेली गाडी लगेच लक्षात येते. तिच्याकडे उशिरा आलेल्या गाडीपेक्षा जास्त काळजीने बघा. एक सांभाळा: मोबाईलवरचा एसएमएस कधीकधी उशिरा येतो. स्टेटमेंटमध्ये नाक्यावरून गाडी गेल्याची जी वेळ दिलेली असते, तीच धरा.

दुसरा कागद ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना. जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. हैदराबाद इथून तीनशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे दोन दिवस मिळतात. गाडी बंद पडली, नाक्यावर अडकली, तर मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. दुसऱ्या गाडीत माल बदलला तर भाग ‘ब’ मध्ये नवा नंबर टाकावा लागतो. गाडी कुठे आहे हे ऑफिसला माहीत असेल तरच हे वेळेत होतं. नाहीतर दंडाची वेळ आली की ड्रायव्हर एकटाच अधिकाऱ्यासमोर उभा असतो.

तिसरं, डिझेलचं कार्ड. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, यातलं कुठलंही चालेल. रोख पैसे आणि हाताने लिहिलेली पावती बंद झाली की अर्धे वाद मिटतात.

यंत्र निवडताना

गाडी २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ या धुराच्या नव्या मानकाची असेल, तर कदाचित यंत्र आधीच गाडीत असेल. टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट, भारतबेंझचं ट्रककनेक्ट या कंपन्यांच्याच सेवा आहेत. इंजिनच्या संगणकातून थेट माहिती येत असल्यामुळे आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), डिझेलचा खप, क्लच-ब्रेकचा वापर असं बरंच काही त्यात दिसतं. शोरूमला विचारा, चालू करून घ्या. कित्येक मालक वरून वेगळं जीपीएस घेऊन बसतात आणि गाडीतलं तसंच पडून राहतं.

जुन्या गाडीला वायरचं जीपीएस बसवावं लागतं. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना एआयएस-१४० मानकाचं यंत्र लागतं. पाकणीला भरणाऱ्या टँकरच्या मालकांना ऑइल कंपन्यांचे नियम वेगळे पाळावे लागतात, त्यांना हे नवीन नाही. इतरांना साधं यंत्र चालतं, पण त्यात आतली बॅटरी असलीच पाहिजे. म्हणजे वायर निघाली तरी ‘वायर निघाली’ असा निरोप पाठवण्याइतका वेळ यंत्र जिवंत राहतं. नेटवर्क नसताना माहिती साठवून नंतर पाठवण्याची सोय आहे का, आणि दुसऱ्या वर्षी रिचार्ज किती, हे दोन्ही लेखी घ्या.

बसवताना मेकॅनिकजवळ उभे राहा. इग्निशनची वायर जोडलेली असेल तरच इंजिन चालू-बंद कळतं. ती टाळली की यंत्राला फक्त गाडी हलते आहे की नाही एवढंच समजतं, आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्याचा सगळा हिशेब हरवतो. यंत्र लोखंडी पत्र्याखाली दाबू नका, आकाशाकडे वाट मोकळी लागते.

मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोय विकणारे पुष्कळ भेटतील. ती चोरीसाठी असते. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला हवा भरणं थांबतं. ड्रायव्हर फोन उचलत नाही म्हणून रागाने कुणी ते बटण दाबलं, तर मागे येणाऱ्या माणसाचाही जीव जाईल. घ्यायचीच असेल तर गाडी उभी असतानाच चालेल अशी सेटिंग करून घ्या, आणि पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवा.

भाड्याने लावलेल्या बाहेरच्या गाड्यांसाठी सिमवरून ठिकाण कळण्याची सेवा मिळते. त्यात ड्रायव्हरच्या मोबाईलवर निरोप जातो, त्याने होकार दिला तरच ठिकाण दिसतं. टॉवरवरून अंदाज येत असल्याने शहरात काही शे मीटर आणि माळरानावर काही किलोमीटर इकडेतिकडे होतं. गाडी मोहोळच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढं कळायला ते पुरतं. कुठल्या ढाब्यावर थांबली यावर त्या ठिपक्यावरून भांडण काढू नका.

अलर्ट थोडे लावा

यंत्र चालू झालं की पन्नास प्रकारचे अलर्ट चालू करता येतात. तसं केलंत तर चौथ्या दिवशी तुम्ही एकही बघणार नाही. सुरुवातीला चार पुरेत: वेग, यंत्राची वायर निघणं, ठरलेला मार्ग सोडणं, आणि सलग गाडी चालवण्याचे तास.

वेगासाठी मालवाहू गाडीची २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेतली कमाल मर्यादा लक्षात ठेवा: चौपदरी रस्त्यावर ताशी ८०, शहरात आणि इतर रस्त्यांवर ६०. जिथे पाटीवर त्याहून कमी लिहिलं असेल तिथे पाटी खरी. जीपीएसचा वेग एखाद्या क्षणी उडी मारतो, म्हणून मर्यादा सलग अर्धा मिनिट ओलांडली तरच अलर्ट येईल असं लावा.

मार्गाचा अलर्ट लावताना आपला जिल्हा आठवा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर वाहतूक वळवली जाते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहरातले रस्ते बदलतात. शहरात जड वाहनांच्या वेळाही पोलीस ठरवून देतात. त्या दिवशी गाडी मार्ग सोडून गेली तर तो ड्रायव्हरचा दोष नाही. कॅलेंडर बघून आदल्या दिवशीच नवा मार्ग टाकून ठेवा.

जोरात ब्रेक मारल्याचा अलर्ट सुरुवातीला बंद ठेवा, पण त्याची नोंद होऊ द्या. महिन्याने सगळ्या गाड्यांचे ब्रेकचे ठिपके एकाच नकाशावर बघा. सगळे ड्रायव्हर एकाच जागी ब्रेक मारत असतील, तर तिथे रस्त्यात काहीतरी आहे: खड्डा, गावातून येणारा उतार, दुभाजक तोडून केलेली वाट. अशा जागांची यादी नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी द्या. ब्रेक चांगला की वाईट हे यंत्राला कळत नाही. गाळपाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली अचानक समोर आली, तर करकचून ब्रेक मारणारा ड्रायव्हर चांगलाच म्हणायचा.

घाटातली एक सवय मात्र नक्की शोधा. तुळजापूरच्या घाटात किंवा बोरघाटात उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणं. डिझेल वाचतं हा समज जुना आहे. आताच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. आरपीएम दिसत असेल तर ओळखणं सोपं आहे: वेग पन्नास-साठ आणि आरपीएम उभ्या गाडीइतका, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आहे. हे दिसलं तर त्याच आठवड्यात ड्रायव्हरला समोर बसवून बोला.

डिझेलचा हिशेब

सगळ्यात भरवशाची पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करा, ट्रिप करून या, त्याच पंपावर परत फुल करा, आणि जीपीएसच्या किलोमीटरला या भरलेल्या लिटरने भागा. एका ट्रिपवरून काही ठरवू नका. त्याच मार्गाच्या, साधारण तेवढ्याच वजनाच्या चार-पाच ट्रिप झाल्या की गाडीचं खरं ॲव्हरेज दिसतं.

उदाहरण घेऊ. दहा टायर गाडी, हैदराबाद जाऊन-येऊन साधारण ६२५ किलोमीटर, ॲव्हरेज लिटरला ४ किलोमीटरचं. डिझेल लागायला हवं १५६ लिटर. ड्रायव्हरने १७० दाखवलं. चौदा लिटर जास्त. इथे बरेच मालक फोन उचलतात आणि आवाज चढवतात. त्याआधी इग्निशनची नोंद उघडा. समजा तिकडे माल उतरवायच्या रांगेत गाडी सहा तास इंजिन चालू ठेवून उभी होती. मोठं इंजिन उभ्या गाडीत तासाला दीड ते तीन लिटर खातं. दोन धरले तरी बारा लिटर तिथेच गेले. उन्हाळ्यात इकडे पारा चाळीसच्या पुढे असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. तो लावून बसलेला माणूस चोर होत नाही. रांगेत सहा तास का गेले, हा प्रश्न माल घेणाऱ्या पार्टीला विचारायचा आहे, आणि हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे मागायला हीच नोंद कामाला येते.

टाकीतला सेन्सर घेतलात तर तो बसवताना टाकी पूर्ण रिकामी करून वीस-वीस लिटर टाकत मोजमाप करून घ्या. टाकीचा आकार सरळ नसतो, म्हणून हे टाळलं तर आकडे कायम चुकतात. खड्ड्यात, चढावर डिझेल हिंदकळतं, सेन्सरच्या आलेखातली रेघ खालीवर होते, ती चोरी नाही. गाडी उभी, इंजिन बंद, आणि दहा-पंधरा मिनिटांत रेघ सरळ खाली उतरून तिथेच राहिली, हे चोरीचं लक्षण. तेव्हाही आधी बघा की जागा कुठली. रात्री लांबच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर झोपलेला असताना बाहेरचे लोक टाकी फोडतात, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. टाकीच्या झाकणाला चांगलं कुलूप आणि दिव्याखालची पार्किंग हे सेन्सरइतकंच महत्त्वाचं आहे.

झोप आणि तास

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने माप घालून दिलं होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक सुट्टी. आता नवी कामगार संहिता आली, तरी आठ तासांचं माप तेच आहे. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि टॅकोग्राफ नावाचं यंत्र ते नोंदवतं. अमेरिकेत ११ तासांची मर्यादा आहे आणि २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. आपल्याकडे असं यंत्र सगळ्या ट्रकना सक्तीचं नाही. म्हणून ही जबाबदारी मालकाने स्वतःहून घ्यायची.

करायचं असं. इग्निशनच्या नोंदीवरून प्रत्येक ड्रायव्हरचे गेल्या चोवीस तासांतले चालवण्याचे तास रोज काढा. सलग चार तास झाले की अलर्ट. तो अलर्ट ड्रायव्हरला ओरडायला नाही, तर पुढच्या चांगल्या ढाब्यावर थांबायची परवानगी आहे असं सांगायला. रात्री दोन ते पाच या वेळेत झोप सगळ्यात जोरात येते. शक्य तिथे त्या वेळेत गाडी उभीच राहील असं वेळापत्रक बसवा.

नकाशा इथे फसवतो. गाडी आठ तास उभी होती म्हणजे ड्रायव्हर आठ तास झोपला असं नाही. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढते तेव्हा मार्केट यार्डाबाहेर रांगा लागतात. ड्रायव्हर दर वीस मिनिटांनी गाडी पुढे घेत असतो, ताडपत्री बघत असतो, वजनकाट्यावर उभा असतो. संध्याकाळी तीच गाडी भरून निघते आणि ऑफिस म्हणतं, दिवसभर तर उभाच होता. म्हणून निघण्याआधी तोंडाने विचारा, “मामा, दुपारी झोप झाली का?” नाही म्हणाला तर चार तास उशिरा सोडा, किंवा दुसरा ड्रायव्हर बसवा. नाही म्हटल्यावर ट्रिप जाते, भत्ता बुडतो, असं त्याला वाटत असेल तर तो कधीच खरं सांगणार नाही. तेव्हा आधी जाहीर करा की झोपेसाठी थांबलेल्याचा भत्ता कापला जाणार नाही, आणि पहिल्याच वेळी तसं करून दाखवा.

आणि पार्टीला वेळ देताना हिशेब करून द्या. ऑफिसने पहाटे पाचची वेळ कबूल केली आणि ती वेगमर्यादा पाळून, विश्रांती घेऊन गाठता येत नसेल, तर वेगाचा अलर्ट येईल तेव्हा चूक ऑफिसची आहे.

फोनचंही तसंच. गाडी चालू आहे हे नकाशात दिसत असताना “कुठं पोचलास?” म्हणून फोन करायचा नाही. ठिकाण समोर दिसतंच आहे. बोलायचं असेल तर गाडी थांबल्यावर.

कॅमेरा

पहिला कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावा. अपघातात मोठ्या गाडीवाल्यालाच आधी दोषी धरतात, तेव्हा समोरून कोण कसं आलं हे दाखवायला तो उपयोगी पडतो. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वरून, म्हणजे अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून गेलेल्या ड्रायव्हरला कडक शिक्षा सांगणाऱ्या कलमावरून, देशभर ट्रकवाल्यांनी काम बंद केलं होतं, त्यामागे हीच भीती होती. ते उपकलम तूर्त लागू केलेलं नाही, पण जमावाची आणि खोट्या आरोपाची भीती रस्त्यावर रोजचीच आहे.

केबिनच्या आतला कॅमेरा डोळे मिटणं, जांभया, हातातला मोबाईल ओळखतो आणि आवाज करून जागं करतो. रात्रीच्या गाड्यांसाठी तो चांगला. पण केबिन हे ड्रायव्हरचं घर असतं. तो तिथे जेवतो, कपडे बदलतो, बायकामुलांशी बोलतो. म्हणून इंजिन बंद झालं की आतला कॅमेरा बंद, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद, आणि फक्त धोक्याच्या वेळची छोटी क्लिप जतन, अशी सेटिंग मागा. क्लिप कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार हे लिहून ठेवा. ड्रायव्हरच्या डुलकीची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्या माणसाला त्या कामावरून काढा.

ड्रायव्हरला सांगणं

हे यंत्र बसवण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. लपवून बसवलेलं यंत्र ड्रायव्हरला आठवड्यात सापडतं आणि मग वायर तुटतात, अँटेनावर फॉइल लागतं, कुणी सिग्नल अडवणारा जॅमर आणतो. जॅमर वापरणं बेकायदेशीर आहे हेही त्यांना सांगा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही माणसाची माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगण्यावर उभा आहे.

एका पानावर लिहा: काय दिसतं, कोण बघतं, कशासाठी वापरतो, किती दिवस ठेवतो, तक्रार कुणाकडे करायची. सोलापुरात ड्रायव्हर मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारे आहेत. ज्याला ज्या भाषेत समजतं त्या भाषेत वाचून दाखवा, आणि एक प्रत त्याला द्या. त्याच्याच मोबाईलवर त्याच्या गाडीची नोंद दिसेल अशी सोय करा.

चौकशीची सुरुवात प्रश्नाने करा. “एवढा ब्रेक का मारला?” याऐवजी “मामा, रात्री टेंभुर्णीच्या पुढं काय झालं होतं?” असं विचारलं की उत्तर मिळतं: “ट्रॉली होती मालक, मागं लाल दिवाच नव्हता.” एका अलर्टवरून पगार कापायचा नाही. पहिला महिना फक्त बघा, कुणालाही काही कापू नका, कारण त्या काळात यंत्राच्या चुकाही कळतात. नंतर चांगल्या नोंदीला बक्षीस ठेवा, पण लवकर पोचण्याला कधीही ठेवू नका.

रोजचं काम आणि सिग्नल गेल्यावर

सकाळी पंधरा मिनिटं: रात्री कोण किती चालला, कोणाची विश्रांती राहिली. संध्याकाळी गाड्या निघताना परत एकदा. रात्री कोण फोन उचलणार त्याचं नाव ड्रायव्हरला माहीत हवं, कारण अडचण रात्रीच येते.

सिग्नल गेला तर घाबरू नका, पण क्रम ठरलेला ठेवा. आधी बघा की ‘वायर निघाली’ असा निरोप आला का. नसेल तर बहुतेक नेटवर्क गेलंय, अर्धा तास वाट बघा. मग ड्रायव्हरला एक फोन, क्लीनरला एक फोन. मग फास्टॅगची नोंद. त्यावरून पुढचा नाका पार झाला का ते कळेल. तासाभरात कशाचाच पत्ता नसेल तर त्या वाटेवरच्या दुसऱ्या ओळखीच्या गाडीला बघायला सांगा आणि ११२ ला कळवा, गाडीचा नंबर, मालाचं वर्णन आणि शेवटचं ठिकाण तयार ठेवून.

ड्रायव्हर काम सोडून गेला तर त्याच्या मोबाईलवरची सिमची परवानगी त्याच दिवशी बंद करा, केबिनच्या जुन्या क्लिप पुसा. आणि त्याने चांगली गाडी चालवली असेल तर त्याची वर्षाची नोंद, किलोमीटर, वेगाचे अलर्ट, अपघात, छापून शिक्का मारून त्याच्या हातात द्या. नव्या मालकाकडे पगाराची बोलणी करताना तो कागद त्याच्या कामाला येतो.